करंजवनातली एक तार

करंजवन हे नाव पाटीवर नंतर आले. त्याआधी आम्ही त्या जागेला नुसते 'काठ' म्हणत होतो. नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीच्या पाठीमागे वालदेवी नदी एक सुस्त वळण घेते. त्या वळणाच्या पोटात करंजांची रांग, घाणेरीचे दाट रान, दोन जुने उंबर आणि पाणकणसांनी भरलेली दलदल, एवढाच तो पसारा. एका बाजूला वसाहतीचा रस्ता, दुसऱ्या बाजूला कोंडाजीबाबांचा ऊस आणि पलीकडे नदी. कोणाच्याच उपयोगाची नव्हती म्हणून ती जागा शहराच्या हातून निसटून राहिली होती.

मीही तिथे बहुधा त्याच कारणाने जात असे. माझे बोलणे लहानपणापासून ओठांच्या अलीकडे थांबते. वर्गात उत्तर ठाऊक असे. पण ते उच्चारावे की नाही हे ठरेपर्यंत दुसऱ्या कोणाचा तरी हात वर गेलेला असे. काठावर कोणी काही विचारत नसे. पाणकोंबडी पाणकणसांत शिरे, देवळाली कॅम्पच्या बाजूने तोफांच्या सरावाचा जड आवाज येई, खंड्या फांदीवरून क्षणभर उठे आणि पुन्हा तिथेच बसे. त्या आवाजाची त्याला सवय झाली होती, तशीच मला माझ्या गप्प राहण्याची.

मग ती जागा राखायचे ठरले. वसाहतीतल्या रविराज साहेबांनी समिती स्थापन केली. त्यांच्याविषयी मी कडवटपणे लिहिणार नाही. ते नसते तर त्या वळणात आज सात मजली इमारत उभी असती आणि तिच्या जाहिरातीत नदीचे चित्र असते. कचेऱ्यांच्या पायऱ्या त्यांनी झिजवल्या, भरावाचे ट्रक स्वतः आडवे होऊन अडवले. पण राखायचे म्हणजे आधी कोंडायचे, यावर समितीत कोणाचेही दुमत नव्हते. चारी बाजूंनी दोन पुरुष उंचीची तारेची जाळी उभी राहिली. वरच्या टोकाला, आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही अंगांना, काटेरी तारांचे हात वाकवले गेले. नदीच्या बाजूला दगडी भिंत आणि तिच्यावर पुन्हा जाळी. रस्त्याकडे एक फाटक, फाटकाला कुलूप आणि कुलपाला मी.

वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी दोन वर्षे घरी बसलो होतो. वडिलांनी साहेबांकडे शब्द टाकला आणि मी 'जैवविविधता सहाय्यक' झालो. रोपांना पाणी घालणे, झाडांवर नावांच्या पत्र्याच्या पट्ट्या टांगणे आणि किल्ल्या सांभाळणे हे माझे काम. ज्या झाडांना मी बिननावाने ओळखत होतो, त्यांना मीच पट्ट्या बांधल्या. बांधताना उगीच वाटत राहिले की आता त्यांच्याशी पहिल्यासारखे बसता येणार नाही.

जाळी बसवणाऱ्या माणसांचे काम मात्र मी तासन्‌तास पाहत राहिलो. जाळीच्या दोन गुंडाळ्या जोडताना ते गाठ मारत नाहीत. नागमोडी वळणांची एकच तार वरून स्क्रूसारखी फिरवत खाली नेतात. ती दोन्हीकडच्या डोळ्यांतून फिरत जाते आणि दोन जाळ्यांची एक होते. शेवटी वरचे आणि खालचे टोक वळवून टाकले की जोड कुठे होता हे शोधूनही सापडत नाही.

"उलटी फिरवली तर?" मी एकदा न राहवून विचारले होते.

"तर निघंल की," फिटर म्हणाला होता. "परदा सरकल्यावानी. पण कोण कशाला फिरवील?"

उद्घाटन सव्वीस जानेवारीला ठरले होते. आदल्या दिवशी सकाळी कोंडाजीबाबांच्या उसात तोडणीची टोळी उतरली. उसाच्या बाजूला, दोन गुंडाळ्यांच्या मध्ये, रोपांचा ट्रॅक्टर आणण्यासाठी एक फट मुद्दाम उघडी ठेवली होती. पाहुणे येणार म्हणून दुपारी फिटरने तिथे शेवटची तार फिरवली आणि करंजवन पूर्ण झाले.

त्याच सुमारास उसाकडून माणसांचा गलका ऐकू आला. मी गेलो तेव्हा टोळीतल्या बायका आपल्या कोपीपुढे, म्हणजे उसाच्या पाचटाच्या त्या बुटक्या झोपडीपुढे, घोळक्याने उभ्या होत्या. मध्ये सगुणाबाई नावाची टोळीतली वडीलधारी बाई मांडी घालून बसली होती आणि तिच्या मांडीवर, जुन्या लुगड्यात गुंडाळलेले, बिबट्याचे पिल्लू होते. त्याला न्हाऊ घातले होते. ओल्या अंगावर लव उभी राहिली होती, निळसर डोळे अर्धवट मिटले होते, आणि डाव्या गालावर काजळाची ठसठशीत तीट होती.

वनखात्याची जीप येऊन थांबली. तिच्यातून उतरलेल्या वनरक्षक शुभांगी मॅडमना मी ओळखत होतो. झाडांच्या याद्या करायला त्या दोनदा करंजवनात येऊन गेल्या होत्या. त्यांनी पिल्लाकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"आजी, आंघोळ कोणी घातली याला?"

"मीच. चिखलात बरबटलं होतं, थरथर कापत होतं. मला वाटलं रानमांजराचं हाय. ऊन पाण्यानं धुतलं, चुलीपाशी शेकलं. चुकलं का?"

"आणि हे काजळ?"

"एवढ्या बाया बघाय आल्या. नजर नाय का लागणार?"

"अहो, त्याच्या अंगावर देवाने शेकडो ठिपके दिलेत. त्यात तुमचा आणखी एक कशाला?"

"ते देवाचे," सगुणाबाई शांतपणे म्हणाली. "ह्यो माझा."

बायका हसल्या, मॅडमनाही हसू आवरले नाही. पण हसणे लगेच मावळले. पिल्लू ज्या सरीत सापडले, त्याच सरीत टोमॅटोच्या कॅरेटमध्ये ते दिवस मावळताना ठेवायचे, वर फळी झाकायची आणि दूर जाऊन आईची वाट पाहायची, अशी त्यांची रीत होती. बहुतेक वेळा आई येते, असे त्या म्हणाल्या. आंघोळीने आईचा वास पुसला गेला असेल, तरी ती येते. तोवर त्या सरीभोवतीचा उसाचा तुकडा तोडायचा नाही, एवढे त्यांनी मुकादमाकडून कबूल करून घेतले. तो तुकडा आता चारी बाजूंनी उघड्या पडलेल्या रानात बेटासारखा उभा होता.

"ती याच तुकड्यात असेल?" मी विचारले.

"नसेल. कोयते वाजायला लागले तशी सकाळीच निसटली असेल. नदीकडे कुठेतरी दबा धरून बसली असेल अंधाराची वाट बघत."

नदीकडे. मी तिथून परत निघालो आणि तो शब्द माझ्याबरोबर चालत आला. उसातून नदीकडे जायला आडोशाचा रस्ता एकच होता, तो काठातून जाणारा.

फाटकातून आत शिरल्यावर मी जाळीच्या कडेकडेने चालू लागलो. उसाच्या बाजूला, जाळीला आतून लागून, सकाळी टाकलेली मऊ माती होती. तिच्यावर पंजे उमटले होते. जाळीपर्यंत येऊन वळलेले, पुन्हा आलेले, पुन्हा वळलेले. इतक्या वेळा की तिथे एक पाऊलवाट पडली होती. फिटर फट बंद करून गेला त्यानंतरची, अवघ्या एका दुपारची पाऊलवाट. एका ठिकाणी जाळीच्या पायथ्याची माती उकरलेली होती. खाली सिमेंटची पट्टी लागताच ती उकरण थांबली होती.

मी मागे वळून घाणेरीकडे पाहिले नाही. पाहू नये हे मला कोणी सांगितले नव्हते. पण तिकडून कोणी तरी माझ्याकडे पाहत आहे हे मानेवरच्या केसांना कळले होते. सावकाश, न धावता, मी फाटकाबाहेर आलो आणि कुलूप लावले. पिल्लू बाहेर होते, आई आत होती, आणि दोघांच्या मध्ये आम्ही निसर्ग वाचवण्यासाठी उभारलेली जाळी होती.

मॅडमना मी बाजूला घेऊन सांगितले. एवढे मोठे वाक्य मी एका दमात पूर्वी कधी बोललो असेन असे वाटत नाही. त्यांनी जाळीवर खालपासून वरपर्यंत नजर फिरवली.

"वरून उडी नाही मारणार?"

"वर काटे आहेत. दोन्हीकडे."

"मारलीच तर फाटून निघेल. जखमी आई पिल्लू सांभाळत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, प्रफुल्ल. मी हे वर कळवलं की गर्दी होईल. गर्दी झाली की पिंजरा मागतील, नाहीतर बेशुद्धीचं इंजेक्शन. ती एकदा पिंजऱ्यात गेली की पिल्लूही गेलं. शिकार त्याला मी शिकवू का तू? आमच्या केंद्रातले पिंजरे अशाच पिल्लांनी भरलेत. मोठी होतात, गजाला अंग घासत फिरतात, आणि तशीच म्हातारी होतात."

"फाटक उघडं ठेवलं तर?"

"रस्त्यावर? वसाहतीच्या तोंडाशी?"

मी जाळीकडे पाहिले. मग म्हणालो, "एक तार उलटी फिरवता येते."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू आजवर तिथे मी उभा नव्हतोच. "जाळी समितीची आहे," त्या म्हणाल्या. "ती उघडायचा मला अधिकार नाही. म्हणून मी आता कॅमेरा बांधायला उसात चालले आहे, आणि तू काय करतोस ते मला दिसणार नाही. माझा एक माणूस काठी घेऊन तुझ्या पाठीशी उभा राहील. त्यालाही फारसं दिसत नाही. आणि उद्या उजाडलं की तार जागच्या जागी पाहिजे."

तार निघायला वाटले त्यापेक्षा वेळ लागला. वळवलेली टोके पकडीने सरळ केली. मग मी ती फिरवू लागलो, आणि प्रत्येक फेऱ्याला ती बोटभर वर येत राहिली, एखादी दीर्घ कबुली शब्दाशब्दाने बाहेर यावी तशी. हातांना फोड आले. अखेर ती निसटली, लांब, नागमोडी, थरथरणारी. आणि दोन जाळ्या दोन पडद्यांसारख्या एकमेकींपासून दूर झाल्या. मी त्या खांबांना बांधल्या, उघडलेल्या वाटेवरची माती करंजाच्या फांदीने झाडून गुळगुळीत केली आणि तार खांद्यावर घेऊन निघालो.

दिवस मावळला. जीप उसापासून दूर, कोंडाजीबाबांच्या विहिरीपाशी उभी होती. कॅमेऱ्यातले चित्र मॅडमच्या मोबाईलवर दिसत होते: राखाडी ऊस, राखाडी कॅरेट. पिल्लू मधूनमधून ओरडे. तो आवाज चाकाला तेल नसलेल्या सायकलीसारखा होता. सगुणाबाई जीपच्या मागच्या बाकावर येऊन बसली होती. तिला कोणी बोलावले नव्हते आणि उतरायला सांगायचे धाडस कोणाचे झाले नव्हते.

"माझ्यापायी तर नाय ना येणार ती?" ती पुन्हापुन्हा विचारी. "साबण नव्हता लावला हो. नुसतं पाणी."

"येईल, आजी."

"वास गेला म्हंजे आईला कळंना व्हय की आपलं कोणतं?"

तेवढ्यात मोबाईलच्या चौकटीत उसाची पाने हलली आणि एक मोठे, सावध मस्तक पुढे आले. तिने फळी पंजाने ढकलली. पिल्लाला हुंगले, थांबली, मागे सरली, पुन्हा हुंगले. मग तिने त्याचा गाल चाटला, एकदा, दोनदा, बराच वेळ. आणि मानगुटीला धरून उचलले. चित्रातून ती डावीकडे नाहीशी झाली.

सगुणाबाईने पदर डोळ्यांना लावला. "काजळ पुसलं तिनं," ती म्हणाली. "पुसू दे. तिचंच हाय."

सगळ्यांना आनंद झाला. डावीकडे नदीचा उतार होता. ती उताराने दारणा नदीच्या संगमाकडे गेली, असे सगळ्यांनी गृहीत धरले. मॅडमना तेवढ्यात फोन आला. सिन्नरच्या बाजूला एका विहिरीत बिबट्या पडला होता. जाताना त्या खिडकीतून एवढेच म्हणाल्या, "तार विसरू नकोस."

सव्वीस जानेवारीची पहाट धुक्यात उगवली. मी तार घेऊन गेलो तेव्हा मातीने सगळे सांगून टाकले. बाहेर जाणारे पंजे होते. त्यांच्या अंगावर, त्यांना अर्धवट पुसून, आत येणारे पंजे होते. आत येणारे अधिक खोल होते. तोंडात ओझे धरून चालल्यासारखे.

उंबराच्या मुळांमध्ये काही तरी हलले. धुके विरळ होताच मला तिची पाठ दिसली, आणि पोटापाशी दोन इवलेसे कान. त्या अंतरावरून गालावरचा ठिपका दिसणे शक्य नव्हते. तरी मी तो शोधत राहिलो.

मी तिला सोडवायला दार उघडले होते. तिने त्याच दाराने घर गाठले होते. ऊस आज संपणार हे तिला आमच्याआधी कळले असावे. पलीकडे उघडे रान, त्यापुढे रस्ता, त्यापुढे गोदामे. शहराने तिच्यासाठी शिल्लक ठेवलेली एकच जागा होती, आणि तिला आम्ही कुलूप लावले होते. हातातली तार एकाएकी फार जड झाली. फिरवून टाकावी, तर दोघे आत कोंडली जाणार, आणि थोड्या वेळाने तिथे शाळेची मुले येणार. न फिरवावी, तरीही मुले येणारच.

मी मॅडमना फोन लावला. त्यांच्या मागे दोरखंड ओढणाऱ्यांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या.

"आत आली? पिल्लू घेऊन?" आरोळ्या लांब गेल्या; त्या बाजूला सरकल्या असाव्यात. "तार राहू दे. फाटक उघडू नकोस. कोणालाही आत सोडू नकोस, अगदी कोणालाही. आणि कारण सांगू नकोस. एकाने ऐकलं की मोबाईल घेऊन अख्खं नाशिकरोड तिथे उभं राहील, काठ्या घेऊन येणारे वेगळेच. मी इथून सुटले की येते."

"मॅडम, मला नाही जमणार. साहेब..."

"प्रफुल्ल, तुला बोलायचं नाहीच आहे. गप्प राहायचं आहे. ते तर तुला जमतं ना?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्याकडून माझ्याच स्वभावाची मागणी करत होते. मी फाटकाच्या आत गेलो, कुलूप आतून लावले आणि पाठ करंजवनाकडे करून उभा राहिलो.

झेंडावंदन आटोपून लोक येऊ लागले. फाटकाबाहेर छोटा मांडव होता, झेंडूच्या माळा होत्या, फाटकाला लाल फीत बांधली होती. शाळेच्या गणवेशातली मुले कागदी झेंडे घेऊन रांगेत उभी राहिली. रविराज साहेब फेट्यात होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांच्या खटपटीचे समाधान होते आणि मला ते समाधान पाहवत नव्हते.

"प्रफुल्ल, कुलूप काढ. पाहुणे आलेच."

"नाही, साहेब."

"नाही म्हणजे? किल्ली हरवली?"

"किल्ली आहे."

"मग?"

"आज उघडता येणार नाही."

समितीतले एक काका मोठ्याने हसले. "अरे, हा पोरगा आजवर 'हो'सुद्धा धड म्हणाला नाही आणि आज एकदम 'नाही'? काय रे, रात्री उंबराखाली झोपला होतास का? भूत लागलं वाटतं!"

हशा पिकला. साहेब हसले नाहीत. ते जाळीच्या अगदी जवळ आले. "कारण सांग."

मी खाली पाहिले. कारण माझ्या मागे, शंभर पावलांच्या आत, पिल्लाला पाजत पडले होते. ते उच्चारले असते तर मी सुटलो असतो. एका वाक्याने मी आगाऊ, उर्मट, वेडा राहिलो नसतो. उलट शहाणा ठरलो असतो. ते वाक्य ओठांच्या अलीकडे येऊन थांबले होते, आणि यावेळी त्याला थांबवणारा मी होतो.

"तुझ्या वडिलांनी माझ्या दारात येऊन हात जोडले होते," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "विसरलास?"

"नाही विसरलो."

"त्यांना बोलावू का इथे?"

"बोलवा, साहेब."

मुलांची रांग मोडली होती. ती जाळीला नाके लावून आत बघत होती, म्हणजे मला बघत होती. मी पाऊलभरही हललो असतो तर त्यांची नजर माझ्या मागे गेली असती, म्हणून मी हललो नाही. एका मुलीने बाईंचा पदर ओढला.

"बाई, हा कोणता प्राणी आहे?"

"पिंकी, गप्प!" बाई म्हणाल्या, पण त्यांच्याही ओठांवर हसू हलले. त्याच वेळी टोळीतल्या बायका कोयते खांद्यावर टाकून रस्त्याने चालल्या होत्या. सगुणाबाई थबकली. "भाऊ, आज तुमालाच कोंडलं का?" ती ओरडली, आणि मग माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून गप्प झाली. तिची नजर माझ्यावरून जाळीच्या टोकाकडे, उघड्या पडद्यांकडे गेली आणि परत आली. तिने आपल्या बायकांना पुढे घातले आणि उसाच्या उरलेल्या बेटाकडे न वळता दुसऱ्या टोकाला नेले.

पाहुणे आले. मला वाटले होते की आता कुलूप फोडतील. पण साहेबांनी त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितले, पाहुण्यांनी घड्याळाकडे पाहिले, मान डोलावली आणि बंद फाटकाला बांधलेली फीत कापली. टाळ्या झाल्या. छायाचित्रे निघाली; त्यांच्यात मी जाळीच्या पलीकडे धूसर आलो असेन. भाषणात 'जतन' हा शब्द पुन्हापुन्हा आला. नंतर मुलांना चिवडा आणि बिस्किटे वाटली आणि मांडव रिकामा होत गेला. आत जायचे आहे असा हट्ट त्या पिंकीखेरीज कोणी धरला नाही.

सगळे गेल्यावर साहेब एकटेच परतले. फेटा त्यांनी हातात धरला होता. मी त्यांना सांगितले. सगळे, तारेसह.

मुले जिथे उभी होती तिकडे त्यांनी आधी पाहिले. मग ते कितीतरी वेळ उंबराच्या दिशेने बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत क्षणभर असे काही उजळले की मला आशा वाटली. "याच्यासाठीच तर..." ते पुटपुटले. वाक्य त्यांनी पुरे केले नाही. नंतर जाळीला हात लावून ते नेहमीच्या स्वरात म्हणाले, "पण रविवारपासून लोक येणार. पिंजरा मागवावा लागेल. संध्याकाळी किल्ली घरी आणून दे. आणि ती तार लाव."

"साहेब, तार लावली तर..."

"दुसरा माणूस लावेल मग."

मॅडम ऊन कलताना आल्या. बुटांवर विहिरीचा गाळ होता. त्यांनी साहेबांना फोन करून सांगितले की वनखात्याच्या सूचनेनुसार करंजवन तूर्त बंद राहील आणि पिंजऱ्यासाठी वरची परवानगी लागेल.

"किती दिवस लागतात परवानगीला?" मी विचारले.

"लागतात," त्या म्हणाल्या. "नोकरीत पहिल्यांदाच मला उशिराचा आधार वाटतोय. जेवढे दिवस मिळतील तेवढे तिचे. पिल्लू चालायला लागलं की ती नेईल त्याला. कुठे, ते मला विचारू नकोस."

कॅमेरा त्यांनी आता त्या उघड्या वाटेसमोर बांधला होता. संधिप्रकाशात आम्ही त्यांच्या मोबाईलवर पाहिले. दोन पडद्यांमधून ती बाहेर आली, हवा हुंगली आणि उघड्या रानात उतरली. काही वेळाने तोंडात काहीतरी घेऊन त्याच वाटेने आत गेली. जाता-येता तिने जाळीकडे पाहिलेही नाही, जणू ती तिथे नव्हतीच.

किल्ली मी साहेबांच्या घरी दिली. त्यांनी ती घेतली आणि तारेविषयी विचारले नाही. ते विसरले, की त्यांनी विचारायचे टाळले, हे मला आजही कळलेले नाही. ती तार मी घरी आणली. ठेकेदाराकडे तशा तारा शेकड्याने पडून असतील. कोणीही, केव्हाही, एक फिरवून टाकू शकेल. तरी ती एक माझ्याकडे आहे. माझ्या खोलीत पलंगामागच्या भिंतीला ती उभी टेकवलेली आहे, छतापर्यंत पोहोचणारी, आपल्याच वळणांत थांबलेली.

त्याच रात्री आईने ती पाहिली. वडील बाहेरच्या खोलीत माझ्याशी न बोलता बसले होते. "एवढी लांब तार," आई म्हणाली. "गच्चीत बांधून देतोस का? कपडे तरी वाळतील."

"नाही," मी म्हणालो. एका दिवसात दुसऱ्यांदा.

ती गेली. मी खिडकीपाशी बसलो. खिडकीला गज आहेत. त्यांच्या पलीकडे वसाहतीच्या टाक्या, टाक्यांपलीकडे करंजांचे काळे शेंडे. देवळालीकडे तोफ झाली आणि काचा हलल्या. शेंड्यांवरून एक पक्षी उठला आणि पुन्हा तिथेच बसला. त्याच्याखाली कुठेतरी एक जागा अजून उघडी होती, आणि ती उघडी असल्याचे शहरात फारच थोड्यांना ठाऊक होते.